कौतुकाचे पैसे आणि प्राप्तिकर

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

मे १९०७ ची गोष्ट. लंडनच्या लॉर्ड्‌स मैदानावर मिडलसेक्स आणि सॉमरसेट या दोन कौंटींचा सामना चालू होता. मिडलसेक्सचा गोलंदाज अल्बर्ट ट्रॉट याने सॉमरसेटच्या दुसऱ्या डावात लागोपाठ चार चेंडूंवर चार गडी बाद केले. तेवढ्यावर न थांबता त्याच डावात त्याने आणखी एक हॅट्‌ट्रिक घेतली. नातवंडांना सांगत बसावं असा हा पराक्रम. पण ट्रॉट स्वतःवरच चरफडला. कारण तो सामना त्याच्याच बेनिफिटचा होता. सामना जितका लांबेल तितकी तिकिटं जास्त खपणार आणि तिकिटांचे पैसे ट्रॉटला मिळणार. गड्याने स्वतःच्याच गोलंदाजीने सामना लवकर गुंडाळला आणि स्वतःच्याच पोटावर पाय आणला. आपणच आपल्याला भिकेला लावलं, असं तो कुरकुरला म्हणतात. क्रिकेटच्या गप्पांत ही गोष्ट शंभर वर्षं सांगितली जाते आहे. पुढे १९१४ मध्ये आजारी आणि कफल्लक अवस्थेत ट्रॉटने आत्महत्या केली. मागे उरले ते कपडे आणि चार पौंड.

खेळाडूला मिळालेल्या पैशांवर सरकारने कर घ्यावा की नाही, हा वाद आपल्याकडे दर ऑलिम्पिकनंतर रंगतो. पदक मिळालं, सरकारांनी कोटींची बक्षिसं जाहीर केली, की दुसऱ्या दिवशी कोणीतरी विचारतंच, ‘त्यातले हातात किती पडणार?’ या प्रश्नाचं मूळ शोधत मागे गेलं तर आपण पोचतो ते या बेनिफिटपाशी. म्हणून आधी बेनिफिट म्हणजे काय ते पाहू.

त्या काळी इंग्लंडच्या क्रिकेटमध्ये दोन जाती होत्या. एक ‘जंटलमेन’, म्हणजे हौशी खेळाडू, घरचं खाऊन खेळणारे. दुसरे ‘प्लेअर्स’, म्हणजे पोटासाठी खेळणारे व्यावसायिक. एकाच संघातून खेळत, पण कपडे बदलायच्या खोल्या वेगळ्या. धावफलकाच्या छापील कागदावर हौशी खेळाडूच्या नावाची आद्याक्षरं आडनावाच्या आधी आणि व्यावसायिकाची नंतर. १९५० मध्ये लॉर्ड्‌सवर तरुण टिटमसची आद्याक्षरं चुकून आधी छापली गेली, तेव्हा ध्वनिक्षेपकावरून जाहीर दुरुस्ती करण्यात आली! आता गंमत पाहा. हौशी लोकांचे मुकुटमणी डॉ. डब्ल्यू. जी. ग्रेस यांच्यासाठी १८९५ मध्ये लोकवर्गणी झाली, ती नऊ हजार पौंडांच्या वर गेली. एवढे पैसे कोणत्या व्यावसायिकाने जन्मात पाहिले नव्हते. तरी डॉक्टर हौशीच राहिले.

व्यावसायिकाला मोसमापुरता पगार मिळे. हिवाळ्यात हाताला मिळेल ते काम. निवृत्तिवेतन नाही. दहा-पंधरा वर्षं इमानेइतबारे खेळला, तर क्लबची कमिटी एखादा सामना त्याच्या नावे करी. त्या सामन्याचं उत्पन्न त्याचं. खर्चही त्याच्याच माथी. पाऊस आला, सामना लवकर संपला, तर त्याचं नशीब. पुढच्या सगळ्या आयुष्याची तरतूद अशी दोन-तीन दिवसांच्या हवामानावर टांगलेली असे.

केंटचा जेम्स सीमोर हा असाच एक व्यावसायिक. १९०२ पासून केंटकडून खेळला. सत्तावीस हजारांहून अधिक धावा, त्रेपन्न शतकं. इंग्लंडकडून कसोटी मात्र एकही नाही. त्या काळात केंट चार वेळा विजेता ठरलं, त्या संघातला हा भरवशाचा फलंदाज. १९२० मध्ये क्लबने त्याला बेनिफिट दिला. उत्पन्न आलं ९३९ पौंड १६ शिलिंग. पैसे लगेच हातात दिले नाहीत. खेळाडूने ते उडवू नयेत म्हणून क्लबच्या विश्वस्तांनी ते रोख्यांत गुंतवले आणि व्याज सीमोरला देत राहिले. पुढे त्याने शेत घ्यायचं ठरवलं, तेव्हा कमिटीच्या संमतीने रोखे विकून रक्कम त्याला देण्यात आली. खेळाडूला शेत मिळालं, क्लबची सदिच्छा फळाला आली. आणि मग प्राप्तिकर खात्याची नोटीस आली.

पहिल्या महायुद्धाच्या खर्चाने इंग्लंडमधला प्राप्तिकर पौंडामागे सहा शिलिंगांपर्यंत, म्हणजे शेकडा तीसपर्यंत चढला होता. असल्या दिवसांत कोणत्याही सरकारचा डोळा सगळीकडे जातो. खात्याचं म्हणणं साधं होतं. सीमोर हा केंटचा नोकर. नोकर नसता तर त्याच्या नावे सामना झाला असता का? मग हे पैसे नोकरीतूनच आले. भरा कर.

प्रकरण पहिल्यांदा आलं ते न्यायमूर्ती रौलट यांच्यासमोर. होय, तेच रौलट. ज्यांच्या समितीच्या अहवालावरून १९१९ चा काळा कायदा झाला, ज्या कायद्याविरुद्ध गांधीजींनी देशभर हरताळ पुकारला आणि ज्या वादळात जालियनवाला बाग घडली, ते सर सिडनी रौलट. आपल्याला त्यांची ओळख तेवढीच. इंग्लंडमध्ये मात्र ते करविषयक खटल्यांचे जाणते न्यायाधीश म्हणून नावाजलेले होते. हिंदुस्थानातल्या राजकीय कैद्याला वकील आणि अपील नाकारण्याची शिफारस करणाऱ्या या गृहस्थाने केंटच्या फलंदाजाच्या बाबतीत मोठा नेमका आणि माणुसकीचा प्रश्न विचारला: शेवटी ही वैयक्तिक भेट आहे की मेहनताना? आणि त्यांनीच उत्तर दिलं की ही भेट आहे, तिच्यावर कर नाही.

अपील कोर्टाने हा निर्णय फिरवला. प्रकरण हाऊस ऑफ लॉर्ड्‌समध्ये, म्हणजे तिथल्या सर्वोच्च न्यायासनापुढे गेलं. एका खेळाडूच्या साडेनऊशे पौंडांसाठी एवढी लढाई कशाला, असं वाटेल. पण प्रश्न एकट्या सीमोरचा नव्हता. हा कर बसला असता तर देशातल्या प्रत्येक व्यावसायिक क्रिकेटपटूच्या म्हातारपणाच्या तरतुदीला कात्री लागली असती. आणि केंट क्लबही काही लेचापेचा नव्हता. तिथे शब्द चाले तो लॉर्ड हॅरिस यांचा. १८९० ते १८९५ या काळात मुंबई इलाख्याचे गव्हर्नर असलेले हेच ते हॅरिस. मुंबईच्या शाळकरी मुलांची हॅरिस शील्ड त्यांच्याच नावाची. ती शील्ड आपल्याला या गोष्टीच्या शेवटी पुन्हा भेटणार आहे.

१९२७ मध्ये निकाल लागला. एका न्यायमूर्तींचं मत विरुद्ध पडलं, पण बहुमत सीमोरच्या बाजूने झालं. लॉर्ड चान्सेलर केव्ह यांनी मांडलेला विचार थोडक्यात असा: पगार हा सेवेचा मोबदला, त्यावर खेळाडूचा हक्क असतो. बेनिफिट हा हक्क नाही. करारात तो लिहिलेला नाही. तो सहसा एकदाच मिळतो, तोही कारकीर्द उताराला लागल्यावर. खेळाडूने पुढे जास्त जोमाने खेळावं म्हणून तो दिलेला नसतो. आजवर जे केलं त्याबद्दल मालकांनी आणि क्रिकेटवेड्या लोकांनी व्यक्त केलेली ती कृतज्ञता असते. कृतज्ञतेवर प्राप्तिकर नाही.

सीमोर आधीच्याच वर्षी निवृत्त झाला होता. निकालानंतर तीन वर्षांनी, १९३० मध्ये, तो वारला. पण त्याच्या नावाच्या या निकालाने पुढच्या दोन-तीन पिढ्या तारल्या. १९४८ मध्ये लँकेशायरच्या सिरिल वॉशब्रुकला बेनिफिटचे चौदा हजार पौंड मिळाले, आणि हे सगळं सीमोरच्या पुण्याईवर करमुक्त.

इथपर्यंत गोष्ट गोड वाटते. मला मात्र या निकालातली एक बाजू नेहमी खटकत आली आहे. बेनिफिट करमुक्त कशामुळे? तर तो हक्क नाही म्हणून. म्हणजे क्लबने करारात ‘दहा वर्षं खेळलास की बेनिफिट देऊ’ असं एक वाक्य लिहिलं असतं, तर ती कमाई ठरून कर बसला असता. तेव्हा लिहायचं नाही. तोंडी आशा दाखवायची, कागदावर काही नाही. खेळाडूने वर्षानुवर्षं कमिटीची मर्जी सांभाळायची, कर्णधाराला ‘साहेब’ म्हणायचं, पगारवाढीचा शब्द काढायचा नाही, कारण बेनिफिट तिच्या हातात. कर वाचवायचा असेल तर मालकाच्या दयेवर राहावं लागे आणि हक्क मागायचा तर कर भरावा लागे. फुटबॉलपटूंना याची झळ लागलीच. त्यांच्या संघटनेच्या नियमांत ठरावीक वर्षांच्या सेवेनंतर बेनिफिटची रक्कम देण्याची तरतूद होती, खेळाडू तिच्या भरवशावर करार करत. १९४१ च्या एका निकालात कोर्टाने त्यांना सांगितलं की तुम्हाला हे पैसे अपेक्षितच होते, तेव्हा हा पगारच. भरा कर.

पण या फरकाची खरी कसोटी लागली ती लँकेशायरमध्ये.

उत्तर इंग्लंडमधल्या या गिरणगावांत शनिवारी दुपारी लीगचे सामने होत. प्रत्येक क्लब एक व्यावसायिक खेळाडू ठेवी, बहुतेकदा परदेशचा नाणावलेला. आपल्या विनू मंकडनी १९५२ मध्ये तिथल्या हॅसलिंग्डन क्लबशी करार केला होता. संघात जागा नक्की मिळेल असा शब्द आपल्या मंडळाने दिला नाही, म्हणून. मग पहिल्या कसोटीत भारताची बिनबाद शून्यऐवजी शून्यावर चार बाद अशी दाणादाण झाल्यावर मंडळाला मंकड आठवले, हॅसलिंग्डनकडून त्यांना मागून आणलं, आणि लॉर्ड्‌सवर त्यांनी ७२ आणि १८४ धावा करून एका डावात पाच बळीही घेतले. सुभाष गुप्तेही त्याच लीगमध्ये रिश्टनकडून खेळले. तर या लीगची एक रीत होती. खेळाडूने अर्धशतक काढलं, हॅट्‌ट्रिक केली, डावात भरपूर बळी घेतले, की मैदानाभोवती डबे फिरत. गिरणीतला कामगार खिशातली नाणी त्यात टाकी, जमेल ते खेळाडूला मिळे. आपल्याकडे जत्रेच्या फडात कुस्ती मारलेला पैलवान अंगाची माती न झटकता गोल फेरी मारतो आणि लोक त्याच्या हातात नोटा कोंबतात, अगदी तसंच.

ब्रूस डूलंड हा ऑस्ट्रेलियाचा लेगस्पिनर ईस्ट लँकेशायर क्लबचा व्यावसायिक होता. ऑस्ट्रेलियाकडून तो तीन कसोटी खेळला, त्यातली एक १९४७-४८ मध्ये भारताविरुद्ध. रिची बेनोला ‘फ्लिपर’ शिकवणारा तो हाच. त्याच्या डब्यांतल्या जमेवर प्राप्तिकर खात्याने बोट ठेवलं. रक्कम अगदी किरकोळ होती. खात्याला तत्त्व ठरवून घ्यायचं होतं. डूलंडच्या वतीने म्हणणं असं की पैसे क्लबने दिलेले नाहीत, लोकांनी खुशीने दिले. चार आणे टाकावेत की रुपया, की काहीच टाकू नये, ही ज्याची त्याची मर्जी. याहून शुद्ध भेट कोणती? सीमोरचा निकाल समोर होताच.

पन्नाशीच्या दशकाच्या मध्यात अपील कोर्टाने निकाल दिला तो डूलंडच्या विरुद्ध. कारण? त्याच्या करारात एक कलम होतं: लीगच्या नियमात बसणारी कामगिरी केल्यास त्याच्यासाठी वर्गणी गोळा केली जाईल. देणाऱ्याची मर्जी होती हे खरं, पण डबा फिरवला जाणं हा खेळाडूचा हक्क होता. शिवाय हा प्रकार आयुष्यात एकदा नव्हे, मोसमात अनेकदा घडे. म्हणून हे नोकरीतलं उत्पन्न. हॉटेलातल्या वेटरला मिळणाऱ्या टिपेची जी गत, तीच या नाण्यांची.

कायद्याच्या दृष्टीने निकाल बिनचूक असेल. पण तुलना करा. लॉर्ड हॅरिसच्या क्लबातल्या विश्वस्तांनी गुंतवून ठेवलेले नऊशे पौंड ही कृतज्ञता आणि गिरणी कामगाराने डब्यात टाकलेली पेनी हा पगार! सगळा फरक करारातल्या त्या एका कलमाचा.

१९६६ मध्ये इंग्लंडने फुटबॉलचा विश्वचषक जिंकला. तिथल्या फुटबॉल असोसिएशनने संघाला बावीस हजार पौंडांचा बोनस दिला आणि खेळाडूंनी तो बावीस जणांत सारखा वाटून घेतला. अंतिम सामना खेळलेल्यालाही हजार आणि बाकावर बसलेल्यालाही हजार. खात्याने यावरही कर मागितला. कर्णधार बॉबी मूर आणि अंतिम सामन्यात तीन गोल मारणारा जेफ हर्स्ट कोर्टात गेले. १९७२ मध्ये न्यायमूर्ती ब्राइटमन यांनी त्यांच्या बाजूने कौल दिला, आणि त्यांची कारणं वाचण्यासारखी आहेत. असोसिएशन हा काही नफ्यासाठी चालणारा धंदा नाही. असा बोनस पुन्हा मिळण्याची शक्यता नव्हती. आणि कोण किती खेळला हे न पाहता प्रत्येकाला सारखी रक्कम मिळाली, ही तर मेहनतान्याची रीतच नव्हे. खेळाडूंनी भाईचारा म्हणून पैसे सारखे वाटले. त्या भाईचाऱ्यानेच त्यांचा कर वाचला.

सीमोरचा नियम इंग्लंडमध्ये नव्वद वर्षं टिकला. मधल्या काळात हौशी-व्यावसायिक हा भेद १९६२ च्या अखेरीस रद्द झाला आणि बेनिफिटचं स्वरूप पार पालटलं. वर्षभर मेजवान्या, गोल्फ, लिलाव. लक्षाधीश फुटबॉलपटूंच्याही नावे करमुक्त निधी जमू लागले. शेवटी एप्रिल २०१७ पासून सरकारने नियम बदलला: बेनिफिट करारात नसला तरीही, एकदाच मिळणारी एक लाख पौंडांची सूट सोडून बाकी रकमेवर कर.

अमेरिकेने हा प्रश्न वेगळ्या बाजूने सोडवला, किंवा सोडवलाच नाही. तिथल्या १९५४ च्या कायद्यात धार्मिक, शास्त्रीय, शैक्षणिक, कलात्मक, वाङ्मयीन, नागरी अशा कार्यासाठीच्या पुरस्कारांना माफी होती. यादीत खेळ नव्हता. ग्रीन बे पॅकर्सचा पॉल हॉर्नंग याला ३१ डिसेंबर १९६१ च्या अंतिम सामन्यातला सर्वोत्तम खेळाडू म्हणून एका मासिकाने कॉर्व्हेट मोटार दिली. त्याने मोठ्या हुशारीने यादीतल्या शब्दांत खेळ बसवायचा प्रयत्न केला. ते जमेना तेव्हा म्हणाला, मोटार मला आदल्याच वर्षी मिळाली होती, तुम्ही चुकीच्या वर्षाचा कर मागता. पण सामना संपला त्या रविवारी दुकान बंद, मोटार न्यूयॉर्कला, किल्ली हातात पडली जानेवारीत. कोर्टाने दोन्ही मुद्दे फेटाळले. १९८६ मध्ये तर ती माफीच जवळजवळ काढून टाकण्यात आली. ऑलिम्पिक पदकविजेत्यांना कर भरावा लागे तो थेट २०१६ पर्यंत. त्या वर्षी खास कायदा करून त्यांची पदकं आणि बक्षिसं करमुक्त झाली, तीही वर्षाला दहा लाख डॉलरपेक्षा जास्त कमावणाऱ्यांना वगळून.

आणि आता आपल्याकडे. मार्च १९८५ मध्ये मेलबर्नला रवी शास्त्री ‘चॅम्पियन ऑफ चॅम्पियन्स’ ठरला आणि बक्षीस म्हणून ऑडी मोटार मिळाली. सारा संघ त्या मोटारीवर चढून मैदानाला चक्कर मारतो आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिलं त्यांच्या डोळ्यांपुढून ते जात नाही. त्या दिवसांत परदेशी मोटार देशात आणायची तर जकातच मोटारीच्या किमतीला मागे टाकी. सरकारने ती माफ केली.

पुढच्याच वर्षी, २२ जानेवारी १९८६ रोजी, केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने ४४७ क्रमांकाचं परिपत्रक काढलं. खेळाडूंना मिळणाऱ्या बक्षिसांवर कर आहे का, या शंकेचं त्यात निरसन होतं. खेळाडू व्यावसायिक नसेल तर बक्षीस म्हणजे भेट किंवा वैयक्तिक गौरव, कर नाही. खेळाडू व्यावसायिक असेल तर बक्षीस म्हणजे त्याच्या व्यवसायातला लाभ, कर आहे. ही भाषा ओळखीची वाटली ना? भेट की मेहनताना, हा रौलट साहेबांचा प्रश्न. फक्त एक उलटापालट झाली होती. सीमोर पक्का व्यावसायिक होता आणि तरीही त्याला माफी मिळाली. तिथे कोर्टाने पैशाचा स्वभाव पाहिला. आपल्या परिपत्रकाने माणसाची जात पाहिली. इंग्लंडने पंचवीस वर्षांपूर्वी मोडीत काढलेली जंटलमेन आणि प्लेअर्सची विभागणी दिल्लीच्या सरकारी कागदावर पुन्हा अवतरली.

हौशी शब्दाला आपल्याकडे एक खरा अर्थ होता, हेही सांगायला हवं. खाशाबा जाधव १९५२ मध्ये हेलसिंकीला गेले ते लोकवर्गणीवर. कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यांच्यासाठी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले. कांस्यपदक घेऊन परतल्यावर खाशाबांनी कुस्त्यांच्या मैदानातून मिळालेल्या पैशांनी ते घर सोडवलं. असल्या माणसाच्या बक्षिसाला हात लावू नये, असं कोणालाही वाटेल. पण हौशी म्हणजे गरीब आणि व्यावसायिक म्हणजे श्रीमंत, हे समीकरण कुठे लिहून ठेवलं आहे? घरी स्वतःची शूटिंग रेंज असलेला नेमबाज हौशी असू शकतो आणि खुराकासाठी गावोगावी कुस्त्या करणारा मल्ल, काटेकोर पाहिलं तर, व्यावसायिक.

२००४ मध्ये आणखी एक गुंता झाला. नात्याबाहेरच्या माणसाकडून मिळालेली मोठी रोख भेट हीच करपात्र ठरली. मर्यादा आधी पंचवीस हजार, मग २००६ मध्ये पन्नास हजार. म्हणजे ‘ही भेट आहे’ हे सिद्ध करूनही सुटका नाही. अभिनव बिंद्राने २००८ मध्ये बीजिंगला सुवर्णपदक मिळवल्यावर बक्षिसांचा पाऊस पडला आणि त्यावर हा वाद उभा राहिला. दिल्लीच्या प्राप्तिकर अपील न्यायाधिकरणाने १९८६ च्या त्याच परिपत्रकाचा आधार घेऊन हौशी खेळाडू म्हणून त्याच्या बाजूने निर्णय दिला. सरकारी बक्षिसांची वाट त्यामानाने मोकळी होती. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्यात केंद्र वा राज्य सरकारने लोकहितार्थ दिलेल्या पुरस्कारांना माफीचं कलम होतं, आणि जानेवारी २०१४ मध्ये मंडळाने ऑलिम्पिक, राष्ट्रकुल आणि आशियाई स्पर्धांतल्या पदकविजेत्यांना सरकारांनी दिलेली बक्षिसं त्या कलमात बसतात असा आदेश काढला. इथे हौशी-व्यावसायिक प्रश्नच येत नाही. देणारा कोण एवढंच पाहायचं.

राहिला क्रिकेटपटू. ब्रॅडमनच्या एकोणतीस शतकांशी बरोबरी केल्याबद्दल सचिन तेंडुलकरला २००२ मध्ये फेरारी मोटार भेट मिळाली. सरकारने एक कोटीच्या वरची जकात माफ केली, तेव्हा शास्त्रीच्या वेळी टाळ्या वाजवणाऱ्या देशात गहजब झाला. प्रकरण कोर्टात गेलं आणि शेवटी २००३ मध्ये फियाट कंपनीने जकात भरून टाकली. अठरा वर्षांत मोटारींपेक्षा आपणच जास्त बदललो होतो. शिवाय शास्त्रीची मोटार मैदानावर जिंकलेली होती, ही कंपनीने दिलेली. लोकांना तो फरक कायदा न वाचताही कळला.

पण मला सगळ्यात अर्थपूर्ण वाटतं ते त्याचं दुसरं प्रकरण. परदेशी कंपन्यांच्या जाहिरातींतून मिळालेल्या उत्पन्नावर सचिनने सवलत मागितली ती अभिनेता म्हणून. कॅमेऱ्यासमोर काम करणं हा माझा व्यवसाय, असं विवरणपत्रात म्हटलं होतं. आणि क्रिकेटमधून येणारे पैसे? ते ‘इतर मार्गांनी मिळालेलं उत्पन्न’ या सदरात दाखवले होते, कारण आपण व्यावसायिक क्रिकेटपटू नाही, असं त्याचं म्हणणं. खात्याच्या अधिकाऱ्यांना ते पचणं शक्यच नव्हतं. हा क्रिकेटपटू नाही तर मग कोण आहे? २०११ मध्ये मुंबईच्या न्यायाधिकरणाने जाहिरातीतलं काम हा अभिनयच आहे, असं मान्य करून सवलत दिली.

फेब्रुवारी १९८८ मध्ये विनोद कांबळीबरोबर ६६४ धावांची भागी करून शाळकरी सचिन पहिल्यांदा देशभर गाजला, ती स्पर्धा होती लॉर्ड हॅरिस यांच्या नावाची शील्ड. त्या हॅरिस साहेबांच्या केंटमध्ये जेम्स सीमोर पोटासाठी खेळत असे आणि धावफलकावर त्याची आद्याक्षरं आडनावानंतर छापली जात. त्याच साहेबांच्या शील्डमधून पुढे आलेल्या, जगात सर्वांत जास्त धावा काढणाऱ्या फलंदाजाची नोंद प्राप्तिकराच्या कागदांत मात्र व्यवसायाने अभिनेता, क्रिकेट हौशी, अशी झाली.